चेहरा परत देणारी शस्त्रक्रिया आणि आपला वाटा

(वैजापूर येथे आदिवासी सेवाकार्याच्या सहाय्यकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव जरा अवघड आहे. डोके आणि मान या भागांच्या पुनर्रचनेसाठी होणारी मायक्रोसर्जरी आणि तिच्यातली नवी तंत्रे. साध्या भाषेत सांगायचे तर, तोंडाचा कॅन्सर काढताना जबडा, जीभ किंवा गाल गेला, तर तो रुग्णाच्याच शरीराच्या दुसऱ्या भागातून परत कसा घडवतात, हे मी सांगणार आहे. त्यानंतर मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. आपल्यापैकी काही जणांनी विचारले, "डॉक्टर, आमच्या देणग्यांतून या कामासाठी एखादे यंत्र घेऊन देता येईल का?" प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे, म्हणून उत्तरही नीट विचार करून द्यायला हवे.

आधी हे पाहू की हा विषय आपल्या वस्त्यांचा का आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हा ओठ आणि तोंडाचा आहे. २०१६-१७ साली देशभर तंबाखूची पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे चार माणसांत जवळजवळ एक. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे लहान पोरालाही ठाऊक असते. आपल्या भिल्ल वस्त्यांवर पुरुषांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते आणि बायका सकाळी उठून मिश्री लावतात. मिश्रीला पुष्कळ जणी व्यसन मानतच नाहीत, दात घासणे मानतात. उन्हातान्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाची भूक आणि थकवा ती चिमूट मारते, हेही खरे. म्हणून त्यांना रागे भरून काही साधत नाही.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. तिची एक मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे.

इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाचा आकार घेतला. तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन भुवयांच्या मध्ये ती कातडी एका देठाने जोडलेलीच ठेवली. मग ती फिरवून नाकाच्या जागी बसवली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची हकिकत छापून आली. ती वाचून तिकडच्या सर्जनांनी हे तंत्र उचलले. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुताच्या ग्रंथात नाक घडवण्याची रीत सांगितलेली आहे, हे आपण ऐकलेले असते. पण ती विद्या एका विटा पाडणाऱ्या माणसाच्या हातात जिवंत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाक कापलेल्या माणसाला समाजात तोंड दाखवायला जागा नसते. त्या कारागिराने ती जागा परत दिली.

या गोष्टीतला देठ लक्षात ठेवा. कातडी किंवा मांस दुसरीकडे न्यायचे, तर त्याला रक्त मिळत राहिले पाहिजे. रक्त थांबले की तो तुकडा काळा पडतो आणि मरतो. म्हणून पुढे दीडशेहून अधिक वर्षे सर्जनांचे हात त्या देठाने बांधलेले होते. देठ पोचेल तेवढ्याच अंतरावर मांस नेता येई. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलिज यांनी जखमी सैनिकांचे चेहरे घडवले, तेव्हा ते देठाची नळी करून ती टप्प्याटप्प्याने वर सरकवत नेत. एकेका सैनिकाचे महिनेच्या महिने त्यात जात.

ही गाठ सुटली ती सूक्ष्मदर्शकामुळे. देठ कापायचा, मांसाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायचा आणि दूरच्या जागी नेऊन तिथल्या रक्तवाहिन्यांशी जोडून द्यायचा, अशी ही कल्पना. १९६० साली अमेरिकेत जेकबसन आणि सुवारेझ यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरून अगदी बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. त्यानंतर जगभर प्रयत्न सुरू झाले. अभिमानाने सांगावे असे हे की, त्या पहिल्या प्रयत्नांत आपली मुंबई होती. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशिर अंटिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी पोटाची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढून चेहऱ्यावर जोडली. १९७१ साली ब्रिटनच्या प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले. परदेशातल्या ज्या शस्त्रक्रियेचे नाव पुस्तकांत नेहमी येते, ती १९७३ ची आहे.

आता तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे कसे करतात ते पाहू. खालच्या जबड्याचे हाड कॅन्सरने खाल्ले, तर ते काढावे लागते. नुसते काढून तोंड शिवले, तर हनुवटी आत जाते, लाळ गळत राहते, घास चावता येत नाही आणि बोललेले कळत नाही. माणूस जगतो, पण घराच्या कोपऱ्यात जगतो. म्हणून पायाचे हाड वापरतात. आपल्या नडगीच्या मोठ्या हाडाशेजारी बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असते, त्याला फिब्युला म्हणतात. शरीराचा बहुतेक भार मोठे हाड पेलते. त्यामुळे गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग राखून मधले वीतभर हाड काढले, तरी माणूस पुढे चालू शकतो. ते हाड, त्यावरची कातडी आणि त्याची धमनी व शीर असे सगळे एकत्र उचलतात. हाडाचे दोन-तीन तुकडे करून त्याला जबड्याचा बाक देतात आणि पट्टीने बसवतात. न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी १९८९ साली ही रीत मांडली आणि आज ती जगभर चालते. जीभ किंवा गाल गेला असेल, तर मनगटाच्या वरची पातळ कातडी किंवा मांडीची कातडी वापरतात.

मग येते खरी नाजूक वेळ. मानेतली रक्तवाहिनी उदबत्तीच्या काडीएवढी असते. तिला पायातून आलेली तेवढीच बारीक वाहिनी जोडायची. दोरा केसाहून बारीक असतो आणि एका धमनीला आठ-दहा टाके पडतात. चिमटे सोडले की फिकट पडलेल्या कातडीवर लाली येते. ती लाली पाहण्यासाठी आठ-दहा तास उभे राहिलेले लोक एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी हळूच प्रभूचे आभार मानते.

यात नवीन काय आले? पहिले म्हणजे आखणी. सीटी स्कॅनवरून संगणकावर रुग्णाचा जबडा उभा करतात आणि थ्री-डी प्रिंटरवर त्याची प्रतिकृती काढतात. हाड कुठे आणि किती कोनात कापायचे, याचे साचेही छापून घेतात. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा वेळ वाचतो आणि दातांना दात नीट भिडतात. दुसरे म्हणजे तपासणी. इंडोसायनिन ग्रीन नावाचे हिरवे रंगद्रव्य शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने पाहिले, तर जोडलेल्या तुकड्यात रक्त कुठपर्यंत पोचले ते दिसते. तिसरे म्हणजे शिरा जोडण्यासाठी टाक्यांऐवजी बसवायच्या छोट्या कड्या. चौथे म्हणजे रोबोट. त्याच्या हातांना माणसाच्या हाताची थरथर नसते. बसवलेल्या हाडात पुढे इम्प्लांट घालून पक्के दातही लावता येतात. अनुभवी केंद्रांत अशा शंभर शस्त्रक्रियांपैकी पंचाण्णव किंवा त्याहून अधिक वेळा जोडलेला तुकडा जगतो.

पण एक गोष्ट आपल्याला कळली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्यावर तासातासाला लक्ष ठेवावे लागते. त्याचा रंग कसा आहे, तो ऊबदार आहे का, दाबल्यावर लाली किती वेळात परत येते, हे बघावे लागते. निळसर दिसू लागला, तर शिरेत गुठळी झाली असे समजून काही तासांच्या आत रुग्णाला परत आत न्यावे लागते. ही राखण रात्रपाळीची सिस्टर करते. एवढ्या यंत्रांच्या मध्ये तिचे बोट आणि तिची नजर अजून सुटलेली नाही.

आणि सगळ्यांनाच मायक्रोसर्जरी लागते असेही नाही. छातीचा स्नायू देठासकट वर आणून तोंडातली जागा भरण्याची रीत १९७९ पासून आहे. तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि वेळ कमी लागतो. अशक्त रुग्णाला कधी कधी तीच बरी पडते. शिवाय कॅन्सर अगदी लहान असताना कळला, तर एवढ्या मोठ्या पुनर्रचनेची गरजच पडत नाही. लहानसा भाग काढून टाके घालून भागते.

इथे मी माझ्या मूळ मुद्द्याशी येतो. तंत्र पुढे गेले आहे आणि आपल्या राज्यात ते आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. रोटेगाव स्टेशनवरून मुंबईची गाडी मिळते. मग आपल्या वस्तीवरचा माणूस उशिरा का पोचतो?

वर्षाचे चक्र बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या ऊसतोडीला निघतात. समजा, त्याच वेळी एखाद्याच्या गालात आतून एक छोटा व्रण आहे. तो दुखत नाही. सुरुवातीला तोंडाचा कॅन्सर बहुधा दुखत नाही, हीच त्याची लबाडी. उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता मोडता येत नाही आणि कारखान्याच्या फडावर डॉक्टर नसतो. पाच-सहा महिन्यांनी तो परत येतो, तेव्हा व्रण जबड्यात शिरलेला असतो आणि मानेत गाठ आलेली असते. जे दिवाळीपूर्वी तासाभरात निघाले असते, त्यासाठी आता पायाचे हाड काढून लावावे लागते. आणि तेवढे करूनही तो वाचेल याची खात्री कमी झालेली असते.

हे मी अंदाजाने बोलत नाही. टाटा रुग्णालयाचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. थांबण्याची किंमत किती असते, ते या दोन आकड्यांत दिसते. दुसरा अभ्यास केरळात तिरुवनंतपुरमजवळचा. तिथे १९९६ पासून प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात तपासली. ते डॉक्टर नव्हते. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी लागले ते प्रशिक्षण, उजेड आणि चिकाटी.

डॉ. अंटियांचे उदाहरण इथे पुन्हा आठवते. कुष्ठरोगाने नाके आणि हात गेलेल्या लोकांवर त्यांनी आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या. जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक अशी सूक्ष्म जोडणी त्यांच्या नावावर आहे. तेच डॉक्टर १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला गेले आणि तिथल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवू लागले. मोठे तंत्र हाती असलेल्या माणसाला छोट्या कामाचे मोल कळले होते.

प्रभूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. आपण त्यात तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो, म्हणजे मलमपट्टी. पण त्या माणसाने आणखी काय केले ते पाहा. त्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवून नेले. उतारशाळेत रात्रभर त्याची काळजी घेतली. निघताना पैसे दिले आणि जास्त खर्च झाला तर परत आल्यावर फेडीन, असा शब्द दिला. नेणे, थांबणे, खर्च उचलणे आणि परत येणे. आपल्या रुग्णांचे नेमके याच चार जागी अडते.

म्हणून यंत्राविषयीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. यंत्र घेऊ नका. सूक्ष्मदर्शक मोठ्या रुग्णालयांत आहेत, आणि ते चालवायला पूर्ण पथक लागते. आपली देणगी जिथे दुसरे कुणी पोचत नाही तिथे लागू द्या.

पहिले, टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्यापूर्वी, प्रत्येक वस्तीवर तोंडाची तपासणी व्हावी. आशाताईंना आणि आपल्या सेविकांना त्यात घेऊ. बॅटरी, आरसा आणि स्वच्छ हातमोजे एवढेच सामान. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली गाठ आणि तोंड न उघडणे या चार खुणा. उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, तर त्या माणसाला लगेच डॉक्टरांकडे न्या. सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडते, त्याची ही सोपी खूण आहे.

दुसरे, कागद. रेशन कार्डावर नाव नाही म्हणून योजना अडते, असे होऊ नये. हे काम आजार येण्याआधी करायचे. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याच्यासमोर बोलायला आपला एक माणूस सोबत असला की पुष्कळ फरक पडतो.

तिसरे, सोबत आणि राहण्याची सोय. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाकातल्या नळीने जेवण द्यावे लागते, कधी श्वासासाठी गळ्याला छिद्र असते. जवळ कुणी तरी लागतेच, आणि त्याची मजुरी बुडते. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांची सोय होते. आपण सोबत येणाऱ्याचे प्रवासभाडे, जेवण आणि घरी राहिलेल्या लेकरांचे पाहू या.

चौथे, परत येणे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार सांगितले असतील, तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. एवढी मोठी शस्त्रक्रिया यशस्वी होते, चेहरा जुळून येतो, रुग्ण घरी येतो आणि पैसे संपले म्हणून पुढचे उपचार राहून जातात. मग आजार परत उलटतो. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायामही महिनोनमहिने लागतात. वहीत त्याची तारीख लिहून ठेवणारा आणि त्या दिवशी त्याच्या दारात उभा राहणारा माणूस आपल्या मंडळीतून निघाला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही. कितीही चांगली पुनर्रचना झाली, तरी चेहरा थोडा बदलतो. घास सांडतो, बोलणे जड येते. असा माणूस पंगत टाळतो, लग्नाला जात नाही, उपासनेलाही मागच्या दाराशी बसतो. सर्जन त्याचा जबडा जोडू शकतो, पण लोकांत त्याची जागा जोडून देणे आपल्या हातात आहे. प्रीतिभोजनाच्या दिवशी त्याला आपल्या शेजारी बसवा. मऊ भात कालवून द्या. तो बोलत असेल तर घाई करू नका, त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. पौलाने करिंथकरांस लिहिताना देहाच्या अवयवांचा दाखला दिला, तो आपण अनेकदा ऐकला आहे. मायक्रोसर्जरी करणाऱ्याला त्याचा अर्थ रोज डोळ्यांसमोर दिसतो. पायाचे हाड जबड्यात जाऊन जगते, कारण मानेतली रक्तवाहिनी आपले रक्त त्याला देते.

या वर्षीच्या दसऱ्याला फार दिवस राहिलेले नाहीत. आपल्या मंडळीतून दोन-दोन जण एकेका वस्तीची जबाबदारी घेतील का, एवढेच मी आज विचारतो. ज्यांना तपासणी शिकायची आहे, त्यांनी सभा संपल्यावर पाळकसाहेबांकडे नाव द्यावे. शिकायला एक दिवस पुरतो.

प्रभू आपणां सर्वांच्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.